सूचनाफलकावरची पाच पंचांगे

जून महिन्यात महाविद्यालय उघडले, की सूचनाफलकावर कागदांची गर्दी होते. शुल्काचा तपशील, वेळापत्रक, वसतिगृहाचे नियम, ग्रंथालयाच्या वेळा असे कितीतरी कागद तेथे डकवलेले असतात. परंतु विद्यार्थी ज्याच्यासमोर खरोखर थांबतात, पूर्वी जो वहीत उतरवून घेत आणि आता ज्याचा मोबाईलवर फोटो काढतात, असा कागद एकच. तो म्हणजे सुट्ट्यांची यादी. ती वाचण्याची रीतही ठरलेली आहे. प्रथम एकूण संख्या पाहायची, मग रविवारी ‘वाया गेलेल्या’ सुट्ट्या मोजून हळहळायचे, आणि शेवटी शनिवार-सोमवार साधून गावाकडे जाण्याचा बेत आखायचा. प्राध्यापकही ती याच रीतीने वाचतात, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

गेली काही वर्षे ही यादी तयार करण्याचे आणि अंतर्गत परीक्षांच्या तारखा तिच्याशी जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे. हे निव्वळ कारकुनी काम आहे, असे मी सुरुवातीस समजत होतो. तसे ते नाही, हे मला थोडी किंमत मोजून कळले. ती हकिगत पुढे येईलच. त्याआधी या यादीचा उलगडा करू.

यादी येते कोठून? वर्ष संपण्याच्या सुमारास महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्या राजपत्रात प्रसिद्ध करतो. गंमत अशी, की या सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर होतात, त्याचा धर्माशी वा शिक्षणाशी काडीचाही संबंध नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा कायदा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे केव्हा द्यायचे, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर देताना ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय, हे पंचविसाव्या कलमात सांगावे लागले. हुंडीवाल्यांच्या सोयीसाठी झालेल्या या कलमाचा आधार घेऊन आज आपण दिवाळी, ईद आणि नाताळ घरी साजरे करतो! शासनाच्या यादीत जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्यांची आणि विद्यापीठाने ठरवलेल्या सत्रांच्या तारखांची भर पडते. शासनाचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आमचे जूनमध्ये. त्यामुळे दोन वर्षांच्या याद्या मधोमध कापून गोधडीसारख्या जोडाव्या लागतात.

‘इतक्या सुट्ट्या हव्यातच कशाला?’ असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. २०२५ सालचाच हिशेब मांडून पाहू. शासनाच्या यादीत सुट्ट्या होत्या चोवीस. त्यांपैकी प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चार दिवस रविवारी आले. स्वातंत्र्य दिन आणि पारशी नववर्ष १५ ऑगस्टला एकत्र आले. गांधी जयंती आणि दसरा २ ऑक्टोबरला एकत्र आले. राहिले अठरा. त्यातून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बुडालेले दिवस वजा केले, तर हाती उरणारा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. आणि ज्या रविवारला आपण धर्माबाहेरचा समजतो, तोही एके काळी मागून मिळवावा लागला होता. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीत होता.

आता मूळ विषयाकडे वळतो. विद्यार्थी मला नेहमी विचारतात, ‘सर, नाताळ दरवर्षी पंचवीस डिसेंबरलाच येतो, मग ईद आणि गणपती मागेपुढे का होतात?’ याचे कारण असे, की एका कागदावर छापलेली ही यादी खरे तर पाच निरनिराळ्या पंचांगांतून गोळा केलेली असते.

पहिले पंचांग आपल्या नेहमीच्या इंग्रजी तारखांचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे राष्ट्राचे व राज्याचे दिवस, १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती आणि २५ डिसेंबरचा नाताळ हे या पंचांगातले. शिवजयंतीही शासन १९ फेब्रुवारीला मानते. काही मंडळी ती फाल्गुन वद्य तृतीयेला, तिथीने साजरी करतात.

दुसरे पंचांग तिथीचे. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी तर त्यात आहेतच. पण चैत्र शुद्ध त्रयोदशीची महावीर जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा आणि कार्तिकी पौर्णिमेची गुरू नानक जयंती हीसुद्धा याच पंचांगाची लेकरे. येथे महिना चंद्रावर मोजतात. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी सुमारे पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. म्हणून गणपती कधी ऑगस्टच्या अखेरीस येतो, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. पण तो पावसाळा सोडून जात नाही.

तिसरे पंचांग हिजरी. तेही चंद्राचेच, परंतु त्यात अधिक महिना नाही. पडलेली तूट तशीच पुढे चालते, आणि सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. अशा रीतीने तो सर्व ऋतूंतून फिरून सुमारे तेहेतीस वर्षांनी मूळ जागी येतो. याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या आयुष्यावर केवढा होतो, पाहा. २०१८ साली रमजानचे उपवास मे-जूनमध्ये, म्हणजे बहुतांशी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले. २०२५ मध्ये ते मार्चमध्ये आले, म्हणजे ऐन परीक्षांच्या हंगामात. २०३० साली तर रमजान एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. एका पिढीने सुट्टीत केलेला रोजा दुसरी पिढी प्रश्नपत्रिकेसमोर बसून करते.

चौथे पंचांग चर्चचे. नाताळ स्थिर असला, तरी गुड फ्रायडे चंद्राच्या मागे जातो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची. तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. आपल्या भाषेत सांगायचे, तर तो होळीच्या नाही तर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेच्या आसपास सापडतो. २०२४ मध्ये तो २९ मार्चला, होळीनंतर आला. २०२५ मध्ये १८ एप्रिलला, हनुमान जयंतीनंतर.

पाचवे पंचांग पारशी समाजाचे. शहेनशाही गणनेत वर्ष नेमके ३६५ दिवसांचे असते आणि त्यात लीप वर्षाचा दिवस धरत नाहीत. त्यामुळे नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येते. २०२३ पर्यंत ते १६ ऑगस्टला होते, २०२४ पासून १५ ऑगस्टला आले. त्यामुळे पारशी बांधवांची हक्काची सुट्टी सध्या स्वातंत्र्य दिनातच विरघळून गेली आहे!

ही पाच पंचांगे आपापल्या चालीने चालत असताना कधी कधी एकमेकांच्या हातात हात घालतात. आपला महिना अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे एखादा-दुसरा दिवस उशिरा. म्हणून हिजरी तारखेत एक मिळवला, की बहुधा तिथी मिळते. रमजान ईद शव्वाल महिन्याच्या पहिल्या तारखेची, म्हणजे तिथीने द्वितीयेच्या सुमाराची. मोहरमचा दहावा दिवस आणि बकरी ईद या दोन्ही दहाव्या तारखा एकादशीच्या आसपास येतात. ईद-ए-मिलाद बाराव्या तारखेची, म्हणून ती त्रयोदशी-चतुर्दशीच्या जवळ.

हे सूत्र ध्यानात घेतले, की गेल्या काही वर्षांतील योगायोग योगायोग राहत नाहीत. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. त्या वर्षी राज्यातील अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न देण्याचे आपण होऊन ठरवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली. तेव्हा मिलादची मिरवणूक एक दिवस पुढे नेण्यात आली आणि शासनानेही सुट्टी २९ तारखेला दिली. २०२३ च्या अधिक श्रावणाने दोन पंचांगांची जोडी एका महिन्याने बदलली. मग २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरम यांची गाठ पडली, आणि गुढीपाडव्यापाठोपाठ दोन दिवसांच्या आत रमजान ईद आली. पुन्हा अधिक महिना येतो आणि जोडी पुन्हा बदलते. आकाशात एकच चंद्र आहे. मोजणारे निराळे आहेत.

आपल्या जिल्ह्याला तर हे शिकण्यासाठी आकाशाकडे पाहण्याचीही गरज नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना आपण अजून ‘नगर’च म्हणतो. निजामशाहीत १४९० साली वसलेल्या या शहराचा मोहरम दूरवर प्रसिद्ध आहे. छोटे बारा इमाम आणि बडे बारा इमाम यांच्या सवाऱ्या निघतात तेव्हा कोठल्याच्या गर्दीत नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबेही असतात. २०१८ आणि २०१९ साली मोहरम गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतच आला आणि एकाच शहराने दोन्ही मिरवणुका पाहिल्या. शिर्डीत रामनवमीच्या उत्सवातच संदलची मिरवणूकही निघते. पाथर्डी तालुक्यातील मढीला होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. तेथील गाढवांचा बाजार सर्वश्रुत आहे. त्याच कानिफनाथांना शाह रमजान या नावाने मानणारेही आहेत. २०२५ साली त्या यात्रेत कोणी दुकाने लावावीत यावरून वाद झाला आणि तो वर्तमानपत्रांतून गाजला. एकमेकांचे पंचांग ठाऊक असणे ही आपोआप टिकणारी गोष्ट नाही, ती प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते, एवढेच त्यावरून मी शिकलो.

मराठी ख्रिस्ती परंपराही आपल्या जिल्ह्यात खोल रुजलेली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघाले, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच मातीत गेला. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात, मारियामातेच्या जन्मदिनाच्या सुमारास, मतमाउलीची यात्रा भरते. ‘माउली’ हा ज्ञानदेवांचा शब्द त्या यात्रेने किती सहज आपला केला आहे! आणि ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली, ते गाव याच जिल्ह्यात आहे.

मात्र यातले कितीतरी दिवस यादीत नाहीत. हरेगावची यात्रा नाही, मढीची नाही. अरणगावजवळच्या मेहेराबादला ३१ जानेवारीच्या अमरतिथीस मेहेरबाबांचे भक्त देशोदेशींहून येतात, तीही नाही. फार काय, अवघ्या महाराष्ट्राचा दिवस म्हणावी अशी आषाढी एकादशीसुद्धा २०२५ च्या त्या चोवीस सुट्ट्यांत नव्हती. तक्रार म्हणून हे सांगत नाही. सर्व दिवस यादीत घालणे कोणालाच शक्य नाही. पण यादी म्हणजेच सर्व काही, असे मानले की चूक घडते. माझ्या हातून ती घडली.

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये होता. तोंडी परीक्षा मी दुपारी ठेवल्या होत्या, कारण सकाळी खोल्या रिकाम्या नसत. ईदच्या दिवशी अर्थातच परीक्षा नव्हती. तारखा मी यादी समोर ठेवूनच आखल्या होत्या, आणि आपण मोठे दक्ष आहोत असा माझा समज होता. विद्यार्थ्यांना आडनावांच्या अनुक्रमाने बोलावत होतो. काम रेंगाळले. शेवटचा मुलगा आत आला तेव्हा सहा वाजून गेले होते. वर्गात एरवी चुणचुणीत असणारा तो मुलगा प्रत्येक उत्तराला अडखळत होता.

“काय रे, अभ्यास झाला नाही वाटतं?” मी विचारले.

“झालाय सर,” एवढेच तो म्हणाला.

मी बेताचे गुण दिले, गुणपत्रकावर सही केली आणि कपाटाला कुलूप लावून बाहेर आलो. जिन्याच्या पायरीवर तो मुलगा बसला होता. रुमालात दोन खजूर होते आणि तो बाटलीतले पाणी पीत होता. शेजारी त्याचा एक वर्गमित्र बसला होता. गळ्यात तुळशीची माळ. त्याची स्वतःची परीक्षा चार वाजताच आटोपली होती, पण हा एकटा रोजा कसा सोडणार म्हणून तो थांबला होता. गावाकडची एस. टी. दोघांचीही चुकली होती.

“अरे, आधी सांगायचं नाही का? पहिला घेतला असता तुला,” मी म्हणालो.

तो संकोचून उठू लागला. म्हणाला, “सर, आज सुट्टी तर नव्हती. यादीत ईद आहे, रोजा कुठे आहे?”

त्याच्या बोलण्यात रोष नव्हता; म्हणूनच ते मला अधिक लागले. कपाटातले गुणपत्रक पुन्हा बाहेर काढून त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी घेणे काही अशक्य नव्हते. पण सही झालेली होती, कोणी काय म्हणेल असा विचार मनात आला, आणि मी ते केले नाही. ते गुण तसेच राहिले. याची खंत मला अजून आहे.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला एक गोष्ट उमगली. यादीत छापलेला दिवस हा बहुधा एका मोठ्या काळाचा शेवटचा मणी असतो. ईद म्हणजे एकोणतीस-तीस दिवसांच्या उपवासांची सांगता. गुड फ्रायडेमागे चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. दसऱ्यामागे नवरात्राचे नऊ दिवस असतात आणि कित्येक विद्यार्थिनी त्या दिवसांत उपवास करूनच वर्गात बसलेल्या असतात. श्वेतांबर जैन विद्यार्थ्यांची संवत्सरी आठ दिवसांच्या पर्युषणानंतर, गणेश चतुर्थीच्या आगेमागे येते. आठ दिवस केवळ पाण्यावर राहिलेली मुलगी आपल्याच बाकावर असू शकते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा काही मुलांचे आईवडील महिनाभर घरी नसतात आणि गुरे, शेत, धाकटी भावंडे त्या मुलांच्या अंगावर असतात. शासन शेवटच्या दिवसाची सुट्टी देऊ शकते. त्याआधीच्या दिवसांची दखल घेणे हे शेजाऱ्याचे, शिक्षकाचे आणि वर्गमित्राचे काम आहे.

तेव्हापासून वेळापत्रक करताना काही साधे बदल आम्ही केले. चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सणाच्या अलीकडचा व पलीकडचा दिवस परीक्षेसाठी धरत नाही, कारण चंद्र राजपत्र वाचून उगवत नाही. उपवासाच्या काळात तोंडी परीक्षेचा अनुक्रम विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून बदलतो. त्यासाठी अर्ज लागत नाही, कारणही विचारत नाही. आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गात एक कोरा कागद फिरवतो. ‘यादीत नसलेला, पण तुमच्या घरी महत्त्वाचा असलेला दिवस’ असे त्यावर वर लिहिलेले असते. पहिल्या वर्षी कागद जवळजवळ कोराच परत आला. पुढे मुले लिहू लागली. कोणी हरेगाव लिहिले, कोणी मोहटादेवीची यात्रा, कोणी पर्युषण, कोणी १४ ऑक्टोबर, बाबासाहेबांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली तो दिवस. एकाने ‘बैलपोळा’ लिहून कंसात ‘सुट्टी नको, पण उशिरा येईन’ अशी पुस्तीही जोडली होती. या कागदाने कॉलेजचा एकही जादा दिवस बंद राहिला नाही. मला मात्र माझा वर्ग पहिल्यांदा ओळखीचा वाटू लागला.

विद्यार्थी मित्रहो, येत्या जूनमध्ये यादी लागेल तेव्हा रविवार जरूर मोजा. तो आनंद मी तुमच्याकडून हिरावून घेणार नाही. पण जो दिवस तुमच्या घरचा नाही, त्याच्यासमोर क्षणभर थांबा आणि तो कोणाच्या घरचा आहे हे वर्गात शोधून काढा. त्या दिवशी तुम्ही झोपून राहाल, सिनेमाला जाल किंवा अभ्यास कराल. दुसऱ्या दिवशी मात्र त्या मित्राला एवढेच विचारा, ‘काल घरी काय केलंत?’

जिन्यावर थांबलेल्या त्या माळकरी मुलाला हे कोणी शिकवले नव्हते. त्याच्या एस. टी.चे तिकीट मात्र त्या दिवशी वाया गेले. यादीतल्या कोणत्याही सुट्टीपेक्षा तो वाया गेलेला प्रवास मला मोलाचा वाटतो.